चार्ज सोडणाऱ्या डोमेन कंट्रोलरला अनावृत पत्र

प्रिय डीसी-०१ यास,

येत्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुला डोमेन कंट्रोलरच्या कामातून मोकळं करायचं ठरलं आहे. तुझी बहुतेक कामं नव्या डीसी-०२ने याआधीच उचलली आहेत. राहिलंय ते इतकंच, की तुला रीतसर पायउतार करायचं, डिरेक्टरीतून तुझं नाव कमी झालंय ना हे तपासायचं आणि मग वीज बंद करायची. त्याआधी हे पत्र उघडपणे लिहितोय. तुझ्यासारखी यंत्रं सांभाळणाऱ्यांनी, आणि ज्यांचे कारखाने, पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं अशा यंत्रांवर चालतात त्यांनीही ते वाचावं, ही त्यामागची इच्छा.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या फाउंड्रीत तुझं नाव सर्व्हर रूमच्या बाहेर बहुधा कुणालाच माहीत नसेल. लोकांना माहीत आहे ते एवढंच, की सकाळी पासवर्ड टाकला की संगणक उघडतो, झेड ड्राइव्हमध्ये आपल्या खात्याची फोल्डरं दिसतात, प्रिंट निघते, वाय-फाय लागतं. यातली प्रत्येक गोष्ट तुला विचारून होत होती. पासवर्ड बरोबर आहे का, हा माणूस अकाउंट्समधला की स्टोअर्समधला, ईआरपीचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे, नव्या लॅपटॉपला कुठला आयपी द्यायचा, आत्ता किती वाजले. दिवसभर हे प्रश्न तुझ्याकडे येत राहिले आणि तू उत्तरं देत राहिलास. काही अडलं तर लोक म्हणायचे, ‘नेट गेलं.’ चालू होतं तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने आज म्हणतो, तू फार मोठं काम केलंस. आणि इतकी वर्षं ते एकट्याने केलंस, हे तुझ्यावर अन्यायाचं होतं.

तुला हलवतोय ते तू थकलास म्हणून नाही. तुझ्या पंख्यांचा आवाज वाढलाय, पण डिस्क अजून ठणठणीत आहेत. कारण वेगळं आहे. तुझ्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू आहे आणि त्याचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. त्यानंतर पैसे भरून सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या, पण त्यालाही तीन वर्षांची मर्यादा आहे. दुरुस्ती मिळणं का महत्त्वाचं, हे २०२० साली सगळ्या जगाने पाहिलं. ‘झिरोलॉगऑन’ नावाची फट तेव्हा उघड झाली. नेटवर्कवर नुसता शिरलेला माणूस, कुठलाही पासवर्ड ठाऊक नसताना, डोमेन कंट्रोलरला शून्यांनी भरलेली विनंती पुनःपुन्हा पाठवायचा, आणि सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा ती मान्य व्हायची. तेवढ्यावर सगळ्या डोमेनचा ताबा त्याच्या हाती. त्या वेळी दुरुस्ती आली आणि तुला ती लावली. पुढची फट सापडेल तेव्हा तुझ्यासाठी दुरुस्ती येईलच असं नाही. ज्याच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या आहेत त्याला अशा अवस्थेत ठेवणं योग्य नव्हे.

सरकारी कचेरीत अधिकारी बदलतो तेव्हा चार्ज देण्याघेण्याची रीत असते. कपाटांच्या किल्ल्या, रोकडवही, साठ्याची नोंद, प्रलंबित प्रकरणांची यादी, आणि शेवटी दोघांच्या सह्या. तुझा चार्ज काढून घेताना मला हीच रीत पाळायची होती, कारण हे काम सोपं वाटतं आणि त्याच सोपेपणात घात होतो. तुझ्या पाच खास भूमिका नव्या यंत्राकडे सरकवायला एक आज्ञा आणि जेमतेम मिनिटभर पुरतं. नेटडॉम या तपासणीच्या साधनाला विचारलं की ते पाचही ओळींपुढे नव्या यंत्राचं नाव दाखवतो आणि काम संपल्यासारखं वाटतं. खरा चार्ज तिथून पुढे सुरू होतो.

आधी नोंदीतलं सांगतो. डिरेक्टरीची रचना बदलण्याचा अधिकार, डोमेनांची नावं वाढवण्याकमी करण्याचा अधिकार, दुसऱ्या डोमेनमधल्या संदर्भांची देखरेख, क्रमांकवाटप, आणि पीडीसी एम्युलेटरचं काम, या तुझ्या पाच भूमिका. पहिल्या तीन आपल्यासारख्या एका डोमेनच्या कारखान्यात क्वचितच जाग्या होतात. क्रमांकवाटपाचं काम मात्र मला नेहमीच आदराचं वाटत आलं. नवा माणूस कामाला लागतो आणि त्याचं खातं उघडतं, तेव्हा त्याला एक क्रमांक मिळतो. हे क्रमांक तू डोमेन कंट्रोलरांना पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांनी वाटायचे असतात आणि एकच क्रमांक दोघांना कधीही जाता कामा नये. माणूस नोकरी सोडून गेला, खातं काढून टाकलं, तरी त्याचा क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही. फोल्डरांवरच्या परवानग्या नावावर नसतात, या क्रमांकावर असतात. म्हणून हा हिशेब एका वेळी एकाच यंत्राने ठेवायचा.

पाचवी भूमिका वेळेची. केर्बेरॉस नावाच्या पद्धतीने तू लोकांची ओळख पटवतोस आणि संगणकाचं घड्याळ तुझ्यापेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढेमागे असेल तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. डोमेनमधली सगळी घड्याळं सरतेशेवटी पीडीसी एम्युलेटरकडे पाहतात. त्याने स्वतः कुठे पाहायचं हेही आता मनावर सोडलेलं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. भूमिका सरकवली तरी वेळ कुठून घ्यायची ही सेटिंग तिच्यामागून जात नाही, ती तुझ्या रजिस्ट्रीतच राहते. डीएनएसचंही तसंच. आतल्या नावांचा झोन डिरेक्टरीतच साठवलेला असल्यामुळे नव्या यंत्रावर आपोआप उतरतो, पण बाहेरची नावं कुणाला विचारायची ते फॉरवर्डर तुझ्यापाशीच राहतात. पद गेलं, पण पदाबरोबरच्या सवयी जुन्याच माणसाकडे राहिल्या, असा हा प्रकार. त्या एकेक विचारून घ्याव्या लागतात.

तुझ्या पोटातली सर्वांत जुनी गोष्ट तर तुझ्याही जन्माआधीची निघाली. आपलं डोमेन २००३च्या सर्व्हरवर सुरू झालेलं. तू आलास तेव्हा ते तसंच तुझ्याकडे आलं आणि सिसव्हॉल, म्हणजे लॉगऑन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसी जिथे राहतात ते फोल्डर, प्रती जुळवण्याच्या जुन्या एफआरएस पद्धतीवरच राहिलं. तुला ती चालत होती, म्हणून कुणी तिला हात लावला नाही. डीसी-०२वरचा विंडोज सर्व्हर २०२२ मात्र अशा डोमेनमध्ये कंट्रोलर व्हायला साफ नकार देतो. म्हणून आधी डोमेनची पातळी वर नेली आणि मग सिसव्हॉल नव्या डीएफएसआर पद्धतीवर आणलं. हे स्थलांतर सुरुवात, तयारी, वळवणी आणि जुनं बाद करणं अशा चार टप्प्यांत होतं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येतं, चौथ्यानंतर नाही. त्या तिसऱ्या टप्प्यावर आम्ही मुद्दाम थांबलो. सगळ्या खात्यांच्या पॉलिसी नीट लागताहेत हे पाहिलं आणि मगच पुढे गेलो. ज्याने हे काम पहिल्यांदाच हाती घेतलंय त्याला माझं सांगणं हेच, की मागे फिरायची वाट जिथे बंद होते ती जागा आधी ओळख आणि तिच्या अलीकडे घाई करू नकोस.

आता नोंदीत नसलेलं.

तू पत्तेही वाटत होतास. डीएचसीपीची सगळी व्याप्ती, राखून ठेवलेले पत्ते, चालू मुदती, हे सगळं फाइलमध्ये काढून डीसी-०२वर उतरवता येतं. ते उतरवलं, नव्या यंत्राला डिरेक्टरीत परवानगी दिली आणि तुझं वाटप बंद केलं. त्याआधीच, संगणकांना ‘डीएनएससाठी कुणाला विचारा’ हे सांगणाऱ्या पर्यायात नवे पत्ते घातले होते. पत्त्याची मुदत साधारण आठ दिवसांची असते आणि अर्धी सरली की संगणक ती वाढवून मागतो. म्हणजे चालू असलेले संगणक चार-पाच दिवसांत नव्या पत्त्याला लागतात. शॉप फ्लोअरचं नेटवर्क वेगळं आहे. तिथल्या विनंत्या कोअर स्विच पुढे पाठवतो, आणि त्या स्विचमध्येही तुझाच पत्ता लिहिलेला होता. तो बदलला. इथवर सगळं पुस्तकात असतं.

पण ज्यांना पत्ता हाताने दिलाय ते डीएचसीपीला विचारतच नाहीत. ते कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी ती यंत्रं बसवली ते कधीच दुसरीकडे गेले. हे सांगू शकणारा एकच होता, तो म्हणजे तू. तुझ्या डीएनएसची सविस्तर नोंद चालू केली आणि सगळी कामं हलवल्यावरही तुला कोण विचारतंय ते पाहत बसलो. ती फाइल म्हणजे दर ओळीला तारीख, वेळ, विचारणाऱ्याचा आयपी आणि त्याने विचारलेलं नाव. संगणकांच्या ओळी दिवसागणिक विरळ होत गेल्या आणि जे उरले त्यांची ओळख पटू लागली.

पहिला निघाला गेटवरचा वजनकाट्याचा संगणक. त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून फक्त तुझा पत्ता टंकलेला, दुसरी ओळ रिकामी. रात्रीच्या पाळीत माल भरून गाडी काट्यावर येते, वजन होतं, बिल निघतं आणि ई-वे बिलासाठी तिथूनच सरकारी पोर्टल उघडलं जातं. राज्याबाहेर जाणारा पन्नास हजार रुपयांवरचा माल त्या बिलाशिवाय रस्त्यावर नेता येत नाही. तुला आधीच बंद केलं असतं तर रात्री गाड्या गेटवर उभ्या राहिल्या असत्या, आणि का, हे वॉचमनला कळायचं कारण नव्हतं.

दुसरं निघालं हजेरीचं मशीन, ज्याच्यावर कामगार बोट ठेवतात. ते तुला नाव विचारत होतंच आणि वेळही तुझ्याकडूनच घेत होतं. तू गेल्यावर ते बंद पडलं नसतं. चालूच राहिलं असतं, पण त्याचं घड्याळ हळूहळू सरकत गेलं असतं. कामगार वेळेत आला असता आणि मशीनने लेटमार्क दिला असता. ही चूक सर्व्हर रूममध्ये कुणाला दिसत नाही, ती पगाराच्या पावतीवर दिसते. मला ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटली.

मग एकेक सापडत गेले. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा कॉपियर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बाहेरून काम करणाऱ्यांचे पासवर्ड तपासायला तुझ्या ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर येणारी फायरवॉल. फायरवॉल डीएनएसच्या नोंदीत दिसलीच नाही, कारण तिने नाव विचारलं नव्हतं, ती सरळ आयपीवर येत होती. तिच्यासाठी डिरेक्टरी सेवेची वाढीव नोंद चालू करावी लागली. सही न केलेली जोडणी आली की तिथे २८८९ क्रमांकाची नोंद पडते आणि त्यात येणाऱ्याचा पत्ता असतो. प्रत्येक यंत्राची जागा, जुना पत्ता, नवा पत्ता, बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख आता एका वहीत लिहिली आहे. ती वही छापून खोलीत टांगली आहे आणि तिची प्रत लेखा खात्याच्या कपाटातही आहे.

या कामात एक सोपी वाट आहे आणि बरेच जण ती घेतात. जुनं यंत्र बंद करायचं आणि त्याचाच आयपी नव्याला द्यायचा. कुणालाही काही बदलावं लागत नाही, सगळं चालतं. काही ठिकाणी याला इलाज नसतो हेही मी जाणतो. तरी ती वाट आम्ही घेतली नाही. पत्ता तोच राहिला की त्या पत्त्यावर कोण विसंबून आहे हे कधीच कळत नाही, आणि अज्ञान तसंच पुढच्या यंत्राच्या आणि पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं. चार्ज घ्यायचा तर कपाट उघडून घ्यावा, कुलपासकट उचलून नव्या खोलीत ठेवू नये.

वही पुरी झाल्यावर तुझी नेटवर्क केबल काढली आणि तू चालू असतानाच सगळा कारखाना तुझ्याविना चालू दिला. पगाराची तारीख त्या काळात येईल असं मुद्दाम पाहिलं. वजनकाटा चालला, हजेरी लागली, पगार झाला. केबल परत जोडून तुझी आणि डीसी-०२ची माहिती पुन्हा जुळवली, ही जुळणी तपासणाऱ्या रेपॲडमिनने एकही चूक दाखवली नाही, आणि तेव्हाच तुला मोकळं करायची तारीख ठरवली.

तुझ्यासारख्या यंत्राचं मोल किती, हे मर्स्क या जहाज कंपनीला २०१७ साली कळलं. २७ जून रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने तिचं जगभरचं नेटवर्क काही तासांत उद्ध्वस्त केलं. आपल्या कास्टिंगचे कंटेनर ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात तिथलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीकडे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे गृहीत धरलंच नव्हतं, त्यामुळे वेगळा बॅकअप नव्हता. सगळे गेले, फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. इंटरनेटवरून ती माहिती पाठवायला फार वेळ लागला असता. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने ती डिस्क नायजेरियापर्यंत नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि तिथून ती इंग्लंडला पोचली. त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं राहिलं. इतक्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तू आमच्याकडे एकटा असताना आमची काय झाली असती? म्हणून तुझ्या जागी दोघं आहेत. डीसी-०२ सर्व्हर रूममध्ये आणि डीसी-०३ प्रशासकीय इमारतीत. दोघांचा बॅकअप तिसऱ्या जागी, नेटवर्कपासून तुटलेल्या डिस्कवर राहतो.

आता सुट्टीच्या दिवशी काय होणार तेही सांगून ठेवतो. तुला पायउतार करताना ‘हा डोमेनमधला शेवटचा कंट्रोलर आहे’ अशी खूण समोर आलीच, तर ती आम्ही लावणार नाही. तुझ्या जुन्या नोंदी डीएनएसमधून आणि साइटच्या यादीतून गेल्या का, हे हाताने तपासू. मग तुझ्या डिस्क काढू. त्यांच्यावर कारखान्यातल्या प्रत्येकाच्या पासवर्डचा हॅश आहे. ती माहिती कुठल्याही जुन्या बाजारात जाऊ देणार नाही. डिस्क आपल्याच मशीन शॉपमध्ये ड्रिल करून मग अधिकृत ई-कचरा प्रक्रियेकडे जातील. तू इतकी वर्षं जे जपलंस ते शेवटीही जपलं जाईल.

आणि हे वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, भगिनींनो, मालकांनो, एक विनंती. जुनं यंत्र चालू असतं तोवर भूमिका त्याच्या संमतीने हस्तांतरित होतात. ते अचानक मेलं तर त्या हिसकावून घ्याव्या लागतात आणि मग त्या यंत्राला पुन्हा नेटवर्कवर आणता येत नाही. पाच भूमिका हिसकावता येतात, पण वजनकाट्याचा पत्ता आणि हजेरीचं घड्याळ मेलेल्या यंत्राकडून हिसकावता येत नाही. तुमच्या खोलीत डीसी-०१सारखा एकटा, जुना, मुकाट्याने चालणारा सर्व्हर असेल, तर त्याच्या डीएनएसची नोंद या आठवड्यात चालू करा, त्याला कोण कोण विचारतंय ते लिहून काढा, आणि मालकांनी दुसऱ्या यंत्राच्या खर्चाला मंजुरी द्यावी. तो उत्तर देतोय तोवरच हे विचारून घ्या.

तुझा,
चार्ज घेणारा सिस्टीम ॲडमिन